कापायचा राहिलेला तुकडा

३० सप्टेंबर १९८८

प्रिय विश्राम,

हे 'प्रिय' हाताच्या सवयीने पडलं. चौथीच्या मुलांना पत्रलेखन शिकवते ना, वडीलधाऱ्यांना तीर्थरूप, धाकट्यांना प्रिय, असं फळ्यावर लिहून लिहून हात तिकडेच वळतो. लक्षात आलं तेव्हा खोडणार होते. पण कागद अमेरिकेला जायचा, पहिल्याच ओळीत खाडाखोड नको म्हणून राहू दिलं. तू त्याचा फार अर्थ लावू नकोस.

तुझं पत्र मिळालं, फोटोही मिळाला. काळा झगा, डोक्यावर ती चौकोनी टोपी, हातात पदवीची गुंडाळी. संगीताचा धंदा आणि ध्वनिमुद्रणाचं तंत्र, असा म्हणे तुझा विषय, आणि आता तू त्यातला पदवीधर. बाबांनी फोटो देवघराशेजारी लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि म्हणतात, "माझो झील आवाज धरूक शिकलो." मी त्या वेळी आत जाऊन भांडी घासते. तू लिहितोस की वर्गात सगळ्यांत जास्त गुण तुझ्या कॅसेटला पडले आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना ऐकवायला सरांनी ती ठेवून घेतली. छान झालं. म्हणजे पुढच्या वर्षीची पोरंही माझी अब्रू ऐकणार. त्यांना त्यातलं अक्षर कळणार नाही, एवढंच काय ते बरं. इथल्या लोकांना मात्र सगळं कळतं.

पत्राच्या शेवटी विचारलंस, आक्का, हल्ली लिहीत का नाहीस, रागावलीस का. हो, रागावले आहे. वर्षभर रागावलेलीच आहे, पण राग लिहायचा तर जागेवर बसून लिहावा लागतो आणि मला तेवढी उसंत नव्हती. आज शाळेला सुट्टी आहे, बाबा देवळात गेलेत. तेव्हा तूही जरा बस आणि शेवटपर्यंत वाच. मधला भाग गाळायची तुला सवय नाही हे मला चांगलं माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत तू आलास ते आठव. बॅग उघडलीस तेव्हा शेजारचा बाबली साबण आणि सेंटच्या आशेने पुढे सरसावला होता. निघाल्या वायरी, दोन मायक्रोफोन आणि ते यंत्र, पोटच्या पोरासारखं टॉवेलात गुंडाळून आणलेलं. मग तू सांगितलंस की अभ्यास अर्धा यंत्राचा आणि अर्धा धंद्याचा असतो. प्रत्येकाने काहीतरी स्वतः ध्वनिमुद्रित करायचं, त्याची कॅसेट काढायची आणि ती विकूनही दाखवायची, तेव्हा पदवी. बाकीची मुलं गिटार घेऊन बसली होती. तू म्हणालास, माझ्याकडे असं काही आहे जे वर्गात कुणाकडेच नाही, माझ्या बाबांचं गाऱ्हाणं. मी खुळी. मला वाटलं, पोराला घरची ओढ लागली.

गाऱ्हाणं म्हणजे काय हे तुला मी सांगायची वेळ यावी! पण सांगते. कारण तुझ्या कॅसेटच्या वेष्टनावर इंग्रजीत 'कोकणातील लोकगीते' असं छापलंय, हे मला हायस्कूलच्या मास्तरांनी वाचून दाखवलं. रवळनाथासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराकडे आहे. कुणाची गाय सापडत नाही, कुणाचं पोर तापाने उतरत नाही, कुणाची होडी आली नाही, की माणूस नारळ घेऊन येतो. बाबा त्याचं नाव घेऊन त्याचं दुखणं देवाला सांगतात आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. म्हणजे हे मागणं त्या एकट्याचं नाही, आमचंही आहे. तिथे कुणी कधी गीत गायलं नाही रे. आपल्या आज्याला तर साधी आरतीही सुरात म्हणता येत नव्हती.

बाबांनी आधी नाही म्हटलं होतं. तुझा हट्ट असा की नुसतं म्हणून दाखवा, कुणाचं तरी नाव घाला, हरवलेली गाय म्हणा. बाबा म्हणाले, "गरज नसताना देवाक हाक मारूची? मगे खऱ्या गरजेक तो वळान तरी बघात काय?" तू तोंड पाडून बसलास. जेवलाही नाहीस धड. माई गेल्यापासून तुझी आई मीच, तू जेवला नाहीस की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तुला ठाऊक होतं. आणि खऱ्या गरजेचं माणूस तर घरातच बसलं होतं. शंकरने मला कुडाळहून ट्रंकेसकट आणून सोडलं त्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. मूल होत नाही, एवढंच त्याच्या आईचं म्हणणं, आणि तो त्यावर काहीच म्हणत नव्हता. ट्रंक ओटीवर ठेवली, पाणीसुद्धा न घेता वळला. बाबांनी कितीदा विचारलं होतं, देवाकडे शब्द टाकू का. मीच नको म्हणायचे. चार लोकांसमोर माझं नाव आणि त्याचं नाव एका दमात घेतलं जाणार, ते मला नको होतं. पण तुझा अभ्यास अडला ना. मी म्हटलं, घाला माझं.

तुला मी एकच अट घातली होती, नावं कॅसेटवर येता कामा नयेत. तू हसलास आणि मला टेप कापून दाखवलीस. माझ्याकडून 'विश्राम गाढव आहे' असं म्हणवून घेतलंस, मग ब्लेडने त्यातला गाढव काढलास, टोकं चिकटवलीस आणि ऐकवलंस, 'विश्राम आहे'. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तू म्हणालास, अस्संच तुझं आणि शंकरभावोजींचं नाव काढीन, कुणाला कळणारसुद्धा नाही. बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या दृष्टीने तो शब्द झाला.

मग देवळात तू काय काय केलंस! घंटा वाजू नये म्हणून तिला माझी जुनी चोळी बांधलीस. पुजाऱ्याला श्वास हळू घ्यायला सांगितलंस. एक मायक्रोफोन खांबाला, एक बाबांच्या तोंडाशी. बाबांनी सुरुवात केली आणि फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला, तर तू हात वर करून म्हणालास, थांबा, पुन्हा. बाबांनी तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एवढंच म्हणाले, "देवाक दोनदा सांगूचा नसता. तो काय बहिरो आसा?" आणि पुढे चालू ठेवलं. तो हॉर्न तेवढा तू नंतर कापलास. कॅसेटमध्ये तो नाही. म्हणजे कापता येत होतं.

ते शब्द मला पाठ आहेत, आता तालुक्यालाच पाठ आहेत. "बा देवा रवळनाथा, आज ह्या माझा चेडू कावेरी तुझ्या पायाकडे इलला आसा. कुडाळच्या शंकरान तेका काय्येक कारण नसताना म्हायेराक आणून सोडल्यान. काय चूक जाली आसात ती पोटात घाल. शंकराची बुद्धी फिरव आणि तेका तेच्या पायान चलत माझ्या चेडवाच्या दारात आण." माझ्या नावापाशी बाबांचा आवाज चिरकला. उभ्या जन्मात देवासमोर त्यांचा आवाज चिरकलेला मी ऐकला नव्हता. सगळे म्हणाले, 'व्हय म्हाराजा'. पुजारी म्हणाला, बाबली म्हणाला, वाटेने चाललेली दोन माणसं चपला काढून पायरीवर आली आणि म्हणाली. तू एकटा म्हणाला नाहीस. तुझं सगळं लक्ष त्या यंत्राच्या काट्याकडे होतं. तू जवळ होतास, तुझा आवाज मोठा पडला असता आणि टेप बिघडली असती. हे कारण तू नंतर फार अभिमानाने सांगितलंस.

पुढच्या पावसाळ्यात मी शाळेच्या कामासाठी कणकवलीला गेले होते. स्टँडासमोरच्या हॉटेलात चहा घेत बसले होते, आणि गल्ल्यावरच्या टेपमधून बाबा बोलायला लागले. आपलाच बाप, आपलंच देऊळ. क्षणभर, खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. वाटलं, विश्रामने करून दाखवलं. मग आलं माझं नाव. चिरकलेला आवाज, कुडाळचा शंकर, ट्रंकेची ती सगळी लाज. आणि हॉटेलातली माणसं, हातात भजी, तोंडात घास, सवयीने म्हणाली, 'व्हय म्हाराजा'. गल्ल्यावरचा म्हणाला. कपबश्या विसळणारी बाई म्हणाली. त्यांचा काही दोष नाही. गाऱ्हाणं कानावर पडलं की आपल्याकडचं माणूस गप्प बसूच शकत नाही, मग ते देवळातलं असो की डब्यातलं. मी चहा तसाच ठेवून उठले. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की छत्री तिथेच राहिली, पण ती आणायला परत जायची छाती झाली नाही.

मी तुला लिहिलं, आणि तुझं उत्तर आलं. ते अजून माझ्या डोक्यात घणासारखं पडतं. सर म्हणाले की आवाज चिरकतो तिथेच सगळा जीव आहे, तेवढं काढलं तर उरतं काय. आणि पुढे, कायद्याने काही अडचण नाही, बाबांची सही मी घेतली होती. धंद्याच्या तासाला तुम्हाला शिकवतात म्हणे, ज्याचा आवाज त्याची सही घ्यावी. ज्याचं नाव त्याचं काय करावं, हे शिकवत नाहीत का? की तो धडा वेगळ्या वर्षाला आहे? मुंबईच्या कंपनीने कॅसेट उचलली, गणपतीत धडाधड खपली, तुझी पदवी पक्की झाली. अरे, आपल्याकडे म्हणतात की कुंपणानेच शेत खाल्लं. तू तर शेत खाऊन वर ढेकर दिलास आणि त्याचा फोटो पाठवलास.

वर्गात मी म्हटलं, उद्या पाढे पाठ करून या, की मागच्या बाकावरून येतं, 'व्हय म्हाराजा'. पोरं आहेत, त्यांना छडी दाखवली की गप्प होतात. कुडाळच्या बाजाराला छडी कोण दाखवणार? शंकरचं कापडाचं दुकान ऐन बाजारात. बुधवारी बाजार भरतो तेव्हा गिऱ्हाईक आत येतं, कापड बघतं, भाव विचारतं, शंकर काही बोलला की मान डोलावून म्हणतं, 'व्हय म्हाराजा', आणि बाहेर उभी असलेली माणसं फिदीफिदी हसतात. ऐकलं तेव्हा मलाही पहिल्यांदा बरं वाटलं, नाही कशाला म्हणू. पण हसणाऱ्याचं हसून होतं. शेवटी निस्तरावं लागतं ते मलाच.

कारण यंदा गणपती पोचवून झाले आणि शंकर आला. पावसाने ओढ्यावरचा साकव पाण्याखाली, एसटी फाट्यावरच थांबलेली, म्हणून तो चिखल तुडवत चालत आला. मी ओटीवर वह्या तपासत होते. त्याने मला कशी आहेस असं विचारलं नाही. झालं गेलं, चुकलं, असं काही म्हणाला नाही. पायरीवर पाय खरवडत म्हणाला, "बाजारात तोंड दाखवूची सोय रवली नाय. सामान बांध, तुळशीचा लगीन झाला काय येतंय आणि नेतंय." म्हणजे दुकानाला लागलेली पीडा घालवायला मला न्यायचं. एकदा मी आत गेले की लोकांचं हसणं थांबेल, मग मी त्या घराच्या कोणत्या कोपऱ्यात पडले आहे ते कोण बघतंय? तीन वर्षं मी त्या घरात काढली आहेत, विश्राम. तिथे माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतात. आता माझी शाळा आहे, पोरं आहेत, पगार माझ्या हातात येतो. त्या देवळात मी जे मागितलं ते मला आता नको आहे. खरं सांगायचं तर मागितलं तेव्हाही निम्मं तुझ्यासाठीच मागितलं होतं.

आणि बाबा? बाबा त्याच्या चिखलाच्या पायांकडे बघत राहिले. तो गेल्यावर मला म्हणाले, "बघलंस? चलत इलो. देवान शब्दाक शब्द ऐकल्यान." इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं, बाबा, देव नाही, कॅसेट. नावं कापलेली नाहीत, सगळा बाजार त्याला हसतो, म्हणून तो आला. तर मला म्हणतात, "विश्राम माका सांगान गेलो, कापतंय म्हणान. माझो झील माझ्याकडे खोटा बोलाचो नाय." म्हणजे मी खोटी. जायचं नाही म्हणून भावावर किटाळ आणते. मी बाबलीचा बहारिनहून आणलेला टेप उचलून आणला, म्हटलं, हे घ्या, कानांनी ऐका. कॅसेट घातली तसे ते उठून मागल्या दारी गेले. ते तुझी ती कॅसेट कधीच ऐकत नाहीत हे तुला माहीत नसेल. देवाला पोचलेलं गाऱ्हाणं आपण परत ऐकणं म्हणजे देवावर पाळत ठेवणं, असं त्यांचं म्हणणं. गावातली माणसंही त्यांचा मान राखतात, ते दिसले की टेप बंद करतात. गुडघ्यांमुळे त्यांचं कणकवलीला, कुडाळला जाणं सुटलं. एवढ्या मुलखात कॅसेट ऐकली नसेल असा हा एकच माणूस, आणि माझं सगळं नेमकं त्याच्याच विश्वासावर अडलेलं.

नाहीच म्हणून बसायचं तर बसता येतं. मी काय बांधलेलं जनावर नाही. पण मी तसं म्हटलं तेव्हा बाबा शांतपणे बोलले, "देवान दिलला तू परत करतलंस, तर मी खंयच्या तोंडान तेच्यासमोर उभो रवू?" ते खरोखर उभे राहणार नाहीत. मान सोडतील, ओटीवर भिंतीला टेकून बसतील, आणि मग किती दिवस राहतील ते मला सांगता येत नाही. तेव्हा मी कुडाळला जाऊन मरायचं की इथे राहून त्यांना मारायचं, एवढंच ठरवायचं शिल्लक ठेवलं आहेस तू. तुझ्या त्या सगळ्यांत जास्त गुणांच्या कॅसेटने.

आता कशासाठी लिहिते ते ऐक. तुझी माफी मला नको आणि मी ती देणारही नाही, तेव्हा त्यावर कागद खर्च करू नकोस. बाबांना पत्रही लिहू नकोस. त्यांना ते मीच वाचून दाखवणार, आणि माझं वाचणं ते आता धरत नाहीत. पण गेल्या दिवाळीला तू शुभेच्छांची टेप पाठवली होतीस ना, ती ते दर सोमवारी बाबलीकडे जाऊन ऐकतात. तुझ्या आवाजावर त्यांचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. तेव्हा तुळशीच्या लग्नाआधी पोचेल अशी एक टेप कर. तिच्यावर आपल्या बोलीत, तुझ्या तोंडाने, सांग की मी शब्द दिला होता आणि कापलं नाही. का कापलं नाहीस तेही सांग, सरांच्या नावासकट. मग एक गाऱ्हाणं घाल. मान आपल्या घराचा आहे आणि दुर्दैवाने तूही याच घरचा. शब्द मी देते: 'बा देवा रवळनाथा, माझ्या भयणीन मागलला ता तिना परत घेतल्यान. तिका कुडाळाक जावचा नाय. तिका तिच्या जाग्यार सुखी ठेव.' गरज खरी आहे, त्यामुळे बाबांना हरकत घेता येणार नाही. बोलताना मागे गाड्या वाजल्या, खोकला आला, आवाज चिरकला, तर असू दे. त्यातच जीव असतो म्हणे. त्या दिवशी तू गाढव कापून काढलास, तोही कापायला नको होता. काहीही कापू नकोस. टेप मी बाबांच्या पुढ्यात लावीन आणि त्यांच्याकडे बघत बसेन. तुझं गाऱ्हाणं संपलं की त्यांना 'व्हय म्हाराजा' म्हणावंच लागेल. गाऱ्हाणं ऐकून गप्प बसलेला माणूस आपल्या गावात अजून झाला नाही, एक तू सोडलास तर.

तुझीच, हे कापता येत नाही म्हणून,
आक्का